लोखंडाची इर्जिक

शमीमताई मुलाणी यांचे आणि माझे पहिले बोलणे होण्याआधी मी त्यांचे भांडण ऐकले. नव्वदचे दशक संपत आले होते. नसरापूरला वेल्ह्याची एस.टी. लागली आणि सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट अशा वेशातल्या एक बाई दोन्ही हातांत लोखंडाचे एक धूड घेऊन चढल्या. गर्डरचे दोन आखूड तुकडे काटकोनात ठेवून बोल्टांनी जोडलेले होते. कंडक्टरने दारातच हात आडवा घातला.

"बाई, हे काय हाय?"

"सांधा आहे."

"सांध्याचं मलम चालतंय गाडीत. लोखंड न्हाई चालत."

"मग लगेज फाडा."

"कशाचं फाडू? पोतं हाय, कोंबडी हाय, सायकल हाय. गर्डर कुठं लिवलाय?"

"सायकल आहे ना? ती कशाची असते?"

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडले, "फाडा की वो मास्तर सायकलीचं! चाकं मागच्या गाडीनं येत्यात म्हणा!" गाडी हसली, कंडक्टर हसला, सायकलीचे तिकीट फाटले. ताई माझ्या शेजारी येऊन बसल्या, सांधा आमच्या पायांपाशी ठेवला आणि म्हणाल्या, "पाय जपा. धार नाही याला, पण वजन आहे."

आज त्यांच्या षष्ट्यब्दीपूर्तीच्या या ग्रंथासाठी लिहायला बसलो आणि प्रथम हे वाक्य आठवले. मी सभांमधून बोलणारा माणूस. धार असलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. वजन असलेली थोडी पाहिली. त्या थोड्यांत शमीमताई फार वर आहेत.

वेल्ह्याला उतरल्यावर कळले की आम्हा दोघांना एकाच बैठकीला जायचे होते. विद्यापीठाच्या ग्रामीण संकुलाचा विस्तार ठरला होता. प्रयोगशाळा आणि वाचनालय अशी मोठी इमारत पासलीच्या वाटेवरच्या एका डोंगरउतारावर व्हायची होती. बांधकाम समितीवर स्थानिक सभासद म्हणून मी होतो. आराखडा तयार होता: यंत्र लावून उतार कापायचा, सपाट जागा करायची, मागे माती अडवायला धारकभिंत घालायची आणि वर काँक्रीटची इमारत. मी त्याविरुद्ध बैठकीमागून बैठका बोलत होतो. माझे भाषण समिती शांतपणे ऐकून घेई आणि मग चहा मागवी.

विरोधाचे कारण त्या उताराच्या पायथ्याशी होते. तिथे सोनूबाईंची भाताची खाचरे आहेत. सोनूबाई म्हणजे पासलीच्या वाटेवरच्या वस्तीवर एकटीच्या हिमतीने शेती करणाऱ्या, मोठ्या आवाजाच्या आणि त्याहून मोठ्या मनाच्या बाई. उताराच्या पोटातून एक झरा निघतो. तो त्यांच्या वरच्या खाचरात उतरतो, तिथून बांधातल्या वाटेने खालच्या खाचरात, तिथून शेजाऱ्यांच्या. पावसाने ओढ दिली तरी रोप जगते ते त्या पाण्यावर. उतार कापला की झरा तुटणार हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ लागत नाही. पण समितीच्या कागदावर तो झराच नव्हता, त्यामुळे तो तुटण्याचा प्रश्नही नव्हता!

ताईंना समितीने बोलावले होते ते फक्त प्रयोगशाळेच्या छपराविषयी सल्ला घ्यायला. स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून साखर कारखान्यांच्या शेड आणि पादचारी पूल यांत त्यांची हयात गेलेली; शिवाय त्या पुण्यात अभियांत्रिकी शिकवत. पण त्या आदल्या आठवड्यातच एकदा येऊन सोनूबाईंबरोबर अख्खा उतार चालून गेल्या होत्या. बैठकीत त्यांनी छपराचा विषय काढलाच नाही. तो सांधा टेबलावर ठेवला, चहाचे कप खडखडले, आणि अध्यक्षांच्या हातात त्यांनी एक पाना दिला.

"साहेब, हा सांधा उघडा."

अध्यक्ष गंमत म्हणून उठले. बोल्ट सुटले, तुकडे वेगळे झाले.

"आता पुन्हा जोडा." तेही झाले.

"आपल्या आराखड्यातली एखादी तुळई अशी उघडून दाखवता येईल का? येणार नाही. मग जी गोष्ट चुकली तर उघडता येत नाही, ती करण्यासाठी आपण डोंगर का उघडतो आहोत?"

मी त्या खोलीत इतके बोललो होतो, पण असे एकही वाक्य मला सुचले नव्हते. मी टाळी वाजवली. समितीच्या बैठकीत टाळी वाजवायची नसते, हे मला नंतर सांगण्यात आले.

मग त्यांनी आपली योजना मांडली. डोंगर जसा आहे तसा राहील. उतारावर जागोजाग काँक्रीटचे लहान ठोकळे बसतील आणि त्यांवर लोखंडी खांब उभे राहतील. खालच्या अंगाचे खांब लांब, वर चढत जाल तसे आखूड. म्हणजे जमीन उतरती, पण इमारतीचा तळ सपाट. झरा इमारतीखालून आपल्या वाटेने वाहत राहील. खांब आणि तुळया खाली कामथडीत तयार होऊन टेम्पोने येतील, इथे फक्त बोल्ट आवळायचे. नदीची वाळू उपसायला नको. ऐन उन्हाळ्यात, जेव्हा बायाबापड्या हंड्यासाठी डोंगर चढतात, तेव्हा काँक्रीटवर पाणी मारत बसायला नको. भिंती इथल्याच मातीच्या, यंत्रात दाबून केलेल्या विटांच्या. आणि उद्या विद्यापीठाला इमारत वाढवायची झाली, तर पाडापाड नाही. शेवटची भिंत सोडवायची आणि पुढे आणखी खांब उभे करायचे.

"वेल्ह्याचा पाऊस पाहिलाय का तुम्ही?" एका सभासदांनी विचारले. "लोखंड खाऊन टाकील."

"मी भोरची आहे, साहेब. तो पाऊस मला ओळखतो," ताई म्हणाल्या. "जस्ताचा लेप देऊ. छपराच्या वळचणी लांब काढू. खांबाचा पाय मातीत ठेवणार नाही, ठोकळ्यावर ठेवू. आणि दर वर्षी पाऊस सरला की कुणीतरी येऊन प्रत्येक सांधा पाहील. काळजी घ्यावी लागते हा इमारतीचा दोष मानू नका. आपण घरातल्या माणसांची नाही का घेत?"

समिती अखेर नमली, पण अट घालून. पावसाळ्याआधी सांगाडा उभा राहिला पाहिजे आणि त्याचा तळ पाणसळीला बरोबर, म्हणजे अगदी एका पातळीत, आला पाहिजे. नाही आला, तर लोखंड विकून टाकायचे आणि डोंगर कापणारे यंत्र आणायचे. सोनूबाईंच्या खाचरांचे भवितव्य त्या एका ओळीला टांगले गेले.

त्या काळात 'शाश्वत विकास' हा शब्द आमच्याकडे नुकताच पोचला होता आणि जो उठेल तो वापरत होता. मीही वापरत होतो. ताई एकदा मला म्हणाल्या, "सर, शाश्वत काहीच नसतं हो. इमारत अशी बांधावी की उद्या ती उचलून नेली, तर त्या जमिनीला आपण येऊन गेल्याचं दुःख नसावं." वाचकहो, मी या विषयावरची जाडजूड पुस्तके वाचली आहेत. त्यांत याहून मोठी व्याख्या मला सापडलेली नाही. आपण ज्याला विकास म्हणतो त्याची पहिली खूण डोंगरावरची जखम का असावी? ज्ञानाचे मंदिर म्हणवणाऱ्या वास्तूने शेजारणीचे पाणी तोडूनच उभे राहावे, हे कोणत्या ज्ञानात बसते? हे प्रश्न मी व्यासपीठावरून विचारत आलो. ताईंनी त्यांचे उत्तर लोखंडात दिले.

काम कामथडीच्या युनूसभाईंच्या शेडमध्ये सुरू झाले. युनूसभाई म्हणजे महामार्गावरचे नावाजलेले फॅब्रिकेटर, हात सोन्याचा आणि तोंड तिखट. नकाशात खांबांना इंग्रजी अक्षरे आणि आकडे होते. ते खडूने लिहायचे, टेम्पोत घासून पुसायचे आणि गोंधळ व्हायचा. युनूसभाईंनी तोडगा काढला. भोरकडून वर वेल्ह्याकडे जाताना लागणारी गावेच खांबांच्या रांगांना द्यायची आणि रंगाने लिहून टाकायची. पहिली रांग उत्रोली, मग कामथडी, मग नसरापूर, असे करत सगळ्यांत वरची पासली. "हा क्रम आमच्या शेरडांनाबी पाठ हाय, ताई," ते म्हणाले. ताईंना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी लगेच होकार दिला. रंगवलेले खांब टेम्पोतून वर येऊ लागले, तेव्हा रस्त्यावरची पोरे ओरडत, "उत्रोली चालली पासलीला!"

वर उतारावर ठोकळे ओतण्याचे काम वेल्ह्याकडची माणसे करत होती. त्यांनाही निरोप गेला: ठोकळ्यांवर गावांची नावे लिहा, क्रमाने. त्यांनी लिहिली, आणि क्रमानेच लिहिली. पण कोणत्या? खालच्या माणसाची गाडी भोरहून निघते. वरच्या माणसाची गाडी रात्री मुक्कामाला येते आणि सकाळी पासलीकडून निघते. त्यांनी पायवाट जिथून चढते तिथे, उताराच्या तळाशी, पहिल्या ठोकळ्यावर बिनदिक्कत लिहिले: पासली. आणि सर्वांत वर: उत्रोली.

ताई तेव्हा पुण्यात परीक्षांच्या कामात अडकल्या होत्या. मोबाईल होता, पण त्या उतारावर त्याचा उपयोग नव्हता. युनूसभाईंची माणसे आली, त्यांनी नाव पाहून नावावर खांब चढवला. सगळ्या खांबांचे तळ सारखेच होते, त्यामुळे एकही खांब 'मी इथला नव्हे' असे म्हणाला नाही. सगळ्या रांगा उभ्या झाल्या. आखूड खांब खाली, लांब खांब वर! आधीच चढण, त्यावर आणखी एक चढण.

नेमकी त्याच दिवशी समिती पाहणीला आली.

अध्यक्ष बराच वेळ मान वर करून पाहत राहिले. "ही इमारत आहे की आकाशात जायचा जिना?"

ठोकळे ओतणाऱ्यांतला एक जण हळूच म्हणाला, "आमास्नी वाटलं वरच्या अंगाला माडी काढलीया."

"माडी!" युनूसभाई कडाडले. "पासली खाली आन् उत्रोली वर? तुमची गाडी काय उलटी चालती व्हय रे?"

"उलटी तुमची! आमची सकाळची हितनंच सुटती!"

समिती हसली नाही. येत्या सोमवारी पुन्हा येऊ, तळ पाणसळीत दिसला नाही तर यंत्राला निरोप जाईल, एवढे सांगून ती निघाली. जाताना सोनूबाई बांधावर उभ्या होत्या. त्यांच्याकडे कुणी पाहिले नाही.

ताई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. आम्ही सगळे मान खाली घालून उभे होतो. त्यांनी पायवाटेवरून तो प्रकार पाहिला आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की एका खांबाला, म्हणजे पासलीला, धरून उभ्या राहिल्या. मग एकच प्रश्न विचारला.

"बोल्ट पक्के आवळलेत?"

"न्हाई," युनूसभाई म्हणाले. "तुमी बघितल्याबिगर शेवटचा पाना न्हाई मारला."

"मग रडता कशाला? काँक्रीट असतं तर रडायचं. हे लोखंड आहे. सोडवा आणि फिरवा."

अध्यक्षांना त्यांनी वेल्ह्याच्या बूथवरून फोन केला, तेव्हा मी शेजारी होतो. "गावांची नावं द्यायला मी परवानगी दिली होती. सुरुवात कुठून हे मी सांगायला हवं होतं. चूक माझी आहे, कारागिरांची नाही." युनूसभाईंना हे मी सांगितले तेव्हा तो तिखट तोंडाचा माणूस टेम्पोच्या मागे निघून गेला.

पण सोडवायचे आणि फिरवायचे हे बोलणे सोपे. लांब खांब वरून खाली आणायचे, आखूड वर न्यायचे, तेही सोमवारच्या आत. क्रेन त्या वाटेने येत नव्हती. तीन वाशांची घोडी आणि चेनपुली होती, पण दोर ओढायला युनूसभाईंची माणसे पुरणार नव्हती. ताई हिशेब मांडत होत्या आणि तो बसत नव्हता.

तेव्हा सोनूबाई पुढे आल्या. "ताई, म्या इर्जिक घालते."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एखाद्याचे शेतीचे काम एकट्याने उरकणार नसेल, तर तो इर्जिक घालतो. आळीतली, शेजारच्या वस्तीतली माणसे येतात, मजुरी घेत नाहीत, काम उरकून देतात आणि इर्जिक घालणारा त्यांना पोटभर जेवू घालतो. पण इर्जिक आपल्या शेताच्या कामासाठी घालायची असते. वस्तीवरच्या एका म्हाताऱ्याने तेच विचारले.

"सोनू, इर्जिक शेताची आसती. हितं तर लोखंड हाय, आन् तेबी सरकारी."

"आन् माझं शेत कशावर हाय मग, तात्या?" सोनूबाई म्हणाल्या. "हे लोखंड खाली-वर झालं न्हाई, तर माझं पानी तुटतंय. माझं तुटलं की माझ्या खाली तुमचंच खाचार हाय. म्हंजी हे शेताचंच काम झालं की न्हाई? बोला!"

तात्यांनी पागोटे बांधले.

काय ते दृश्य होते! वेल्ह्याकडून माणसे आली, पासलीकडून आली, भाताच्या लावणीत जशी रांग धरतात तशी दोराला रांग धरली. बायाही होत्या. समितीवर मी असूनही माझ्या हातात कुणी दोर दिला नाही. "सर, तुमी आवाज द्या," म्हणाले. मी आवाज दिला. आयुष्यातले माझे सर्वोत्तम वक्तृत्व मी त्या दिवशी 'हेऽऽ आली कामथडी, धराऽऽ नसरापूर' एवढ्यावर खर्च केले आणि त्याला मिळालेला प्रतिसाद मला कोणत्याही सभेत मिळालेला नाही.

ताईंनी मात्र कमरेला पट्टा बांधल्याशिवाय एकालाही वर चढू दिले नाही. एक तरणा गडी कुरकुरला, "ताई, आमी ताडावर चढतो, पट्टा कसला?" ताई म्हणाल्या, "ताडावरून पडलास तर ताड बदनाम होत नाही. इथं पडलास तर माझं लोखंड बदनाम होईल. बांध." त्याने बांधला. घाई कितीही असो, माणसाच्या जिवावर त्यांनी काम कधी ओढले नाही.

जेवणाचीही गोष्ट सांगितली पाहिजे. इर्जिकीला सोनूबाईंनी बोकड ठरवला. आमच्या गावगाड्यात बोकड मुलाण्याने कापायचा अशी जुनी चाल, म्हणजे सगळ्यांना चालतो. सोनूबाई हसत ताईंकडे आल्या. "तुमी मुलाणी न्हवं? धरा सुरी."

"ती सुरी माझ्या आजोबांबरोबर गेली, सोनूबाई. मला फक्त पाना धरता येतो."

मग युनूसभाईंनी बाह्या सरसावल्या. जेवायला सगळे एका पंगतीत बसले. उत्रोलीची गाडी खरी की पासलीची यावर शेवटच्या भाकरीपर्यंत भांडत.

सोमवारी समिती आली. तळाच्या तुळया बसल्या होत्या. ताईंनी स्वतः काहीच केले नाही. पाणसळीची नळी अध्यक्षांच्या हातात दिली आणि त्यांनाच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासायला लावले. दोन्ही टोकांना पाणी एकाच खुणेवर थांबले. अध्यक्ष वाकून इमारतीखाली पाहत राहिले. खाली झरा वाहत होता, त्यांनी तो बहुधा तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. ते सोनूबाईंकडे वळले आणि म्हणाले, "बाई, यंत्र येणार नाही." सोनूबाईंनी पदर तोंडाला लावला. शमीमताई दुसरीकडे पाहू लागल्या. मी गप्प होतो, हे ज्यांना खरे वाटणार नाही त्यांनी युनूसभाईंना विचारावे.

त्याला आता काही वर्षे झाली. पुढे विद्यापीठाला जागा अपुरी पडली तेव्हा ताई म्हणाल्या होत्या तसेच झाले: शेवटची भिंत सोडवली, नव्या रांगा उभ्या राहिल्या, एक घणही पडला नाही. दरवर्षी पाऊस सरला की ताई स्वतः तारेचा ब्रश घेऊन येतात, खांबांचे पाय तपासतात आणि सोबत आपल्या विद्यार्थिनींना आणतात. त्या मुलींना पहिल्यांदा सोनूबाईंच्या बांधावर उभे करतात, मग इमारत दाखवतात. क्रम कधी बदलत नाहीत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आज ठिकठिकाणी पूल आणि शाळा उभारताहेत, आणि मला खात्री आहे की त्या प्रत्येक ठिकाणी आधी उताराच्या खाली कोण राहते ते पाहत असणार.

गेल्या पावसाळ्यात वाचनालयात बसणाऱ्या एका विद्यार्थ्याने तक्रार केली: खालून पाण्याचा फार आवाज येतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. ग्रंथपाल गंभीरपणे ती तक्रार घेऊन माझ्याकडे आले. मी फोनवर ताईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "त्याला म्हणावं, खाली जाऊन बघ. कुणाची लावणी चालू असेल तर तासभर हात दे. मग आवाज त्रास देणार नाही." मुलगा गेला. संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून परत आला आणि सोनूबाईंनी त्याला दिलेली भाकरी वाचनालयाच्या पायरीवर बसून खाऊ लागला.

ताई, आपणांस साठ वर्षे झाली म्हणून आम्ही हा ग्रंथ काढला, पण निवृत्तीच्या शुभेच्छा मी देणार नाही. आपणांस भरपूर आयुष्य लाभो, गुडघे डोंगर चढण्याइतके आणि दृष्टी गंजाचा पहिला ठिपका ओळखण्याइतकी शाबूत राहो, ही प्रार्थना मी निःस्वार्थ बुद्धीने करत नाही. भोर-वेल्ह्यात अजून पुष्कळ उतार आहेत. प्रत्येकाच्या खाली कुणाचे तरी भात आहे, आणि त्यांतले बहुतेक झरे अजून कोणत्याही समितीच्या कागदावर आलेले नाहीत.